जीप तीन बोटं उचलली तो उन्हाळा

यंदा होळी होते न होते तोच लातुरात टँकर सुरू झाले. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला की बायका अजूनही धावतात. त्या धावणाऱ्यांत आता मी नसते, गुडघ्यांनी केव्हाच रजा घेतली आहे. मी गॅलरीत उभी राहून नळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकते. रिकाम्या भांड्यात पहिली धार पडते तेव्हाचा आवाज वेगळा आणि भांडं भरत आल्यावरचा वेगळा. दुष्काळी मुलखात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

अशाच एका सकाळी माझ्या मुलाने, राहुलने, अंगणात ताडपत्री अंथरली. त्याच्या जीपसाठी त्याने कुठून तरी दोन जड खोकी मागवली होती. गाडी दोन इंच उंच करायचं सामान होतं त्यात, चकचकीत, प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं. गॅरेजला न देता घरीच बसवायचं असा त्याचा हट्ट. मोबाइल विटेला टेकवून ठेवला होता आणि त्यात कुणी तरी हेच काम करून दाखवत होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्याने ग्रीसचा डबा नुकताच उघडला होता. तो वास नाकात शिरला आणि मी कप हातात धरून तशीच पायरीवर बसून राहिले.

भोकरच्या आमच्या घरासमोरचं अंगण, वैशाखातलं ऊन, जीपखाली आडवे झालेले बाबा आणि दारात बाजेवर उशीला टेकून बसलेली माय. सगळं त्या वासात होतं.

बाबा पाटबंधाऱ्याच्या खात्यात ड्रायव्हर होते. मोजणीच्या साहेबांना घेऊन त्यांनी जी जीप वर्षानुवर्षं माळरानांवरून फिरवली तीच पुढे जुनी झाली म्हणून लिलावात निघाली, आणि ती बाबांनीच घेतली. दारावरचं खात्याचं नाव त्यांनी खरवडून काढलं, पण रंग बदलला नाही. लोक विचारायचे, भंगार कशाला उचलून आणलंस?  घरात एक बैल आणून बांधावा तशी बाबांनी ती लिंबाखाली आणून उभी केली होती आणि रोज सकाळी तिच्यावरून फडकं फिरवायचे.

मी तेव्हा नांदेडहून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून नुकतीच घरी आले होते. वर्गात मी एकटीच मुलगी. लातूर जिल्हा नवाच झालेला. तिथं हातपंपांच्या दुरुस्तीसाठी माणसं हवी होती आणि मुलाखत होऊन माझी निवड झाली होती. हजर व्हायचं होतं ते पाऊसकाळाच्या तोंडावर. मधला उन्हाळा माझा होता. पुढे नोकरीत कितीतरी उन्हाळे गेले, पण माझा म्हणावा असा तो एकच.

त्या वर्षी पाणी नव्हतं. पाणी नव्हतं म्हणजे काय, हे आज नळाला आठ-दहा दिवसांनी का होईना पाणी येणाऱ्या मुलांना समजावून सांगता येत नाही. आमच्या वस्तीची विहीर तळाला गेली होती. दोर पुरेना म्हणून बायका आत उतरून वाटीने घागरी भरायच्या. आतल्या पायऱ्या खडकात खोदलेल्या, ओल्या, शेवाळलेल्या. हिवाळा सरताना एका सकाळी माय भरली घागर खांद्यावर घेऊन वर येत होती. वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तिचा पाय सरकला. घागर आधी गेली आणि मागोमाग माय. पाणी कमी होतं म्हणून ती बुडाली नाही आणि पाणी कमी होतं म्हणूनच तिचा मणका दुखावला.

नांदेडच्या दवाखान्यात ती बरेच दिवस होती. घरी आणली तेव्हा डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं की हिला झोपून राहू द्या आणि दणके बसू देऊ नका. शिमग्याच्या सुमारास ती उठून बसायला लागली. मग भिंतीला धरून चालायला लागली. बाजेपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. घराबाहेर मात्र ती पडली नाही. बोलणंही कमी झालं होतं. आधी माय गल्लीभर ऐकू जायची. आता तिला काही हवं असलं तर ती त्या वस्तूकडे बघत राहायची, आणि आम्ही ओळखून द्यायचं.

चैत्रात एक निरोप आला. हदगावकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने तो आणला. तेव्हा निरोप असेच यायचे. मायची धाकटी बहीण मथुरामावशी हदगावच्या पलीकडे, एका आडबाजूच्या खेड्यात राहायची. ती अंथरुणाला खिळली होती. पोटात काही तरी होतं आणि आता अन्नही जाईना. अक्काला एकदा बघायचंय, असं ती म्हणत होती. अक्का म्हणजे माय. दोघींची आई लवकर गेली होती आणि मावशीला मायनेच कडेवर वाढवलं होतं.

 दुपारी मायने मला पेटीतली पांढरी साडी काढायला सांगितली. वैशाख पौर्णिमेला विहारात जाताना ती हीच साडी नेसायची. पेटीत राहून तिला डांबरगोळीचा वास लागलाय, वाऱ्यावर टाक, एवढंच म्हणाली. मी साडी दोरीवर टाकली. संध्याकाळी बाबा आले, दोरीखालून वाकून घरात शिरताना थांबले, साडीकडे बघितलं आणि हातपाय धुवायला गेले. सकाळी ते जीप घेऊन एकटेच निघाले. म्हणाले, रस्ता बघून येतो.

तामशावरून हदगाव, तिथवर डांबर होतं. हदगाव सोडलं की काळ्या रानातली गाडीवाट. आणि मावशीच्या गावाआधी ती वाट मोठ्या ओढ्यात उतरून बराच वेळ पात्रातूनच जायची. पावसाळ्यात तो ओढा दिवाळीपर्यंत वाट देत नसे. एरवी लोक बैलगाडीने जायचे, पण त्या साली बैल कुठे होते? ज्यांनी विकले नव्हते त्यांनी छावणीत नेऊन बांधले होते. ओढ्यात पाणी नव्हतं, पण मोठमोठे गोटे उघडे पडले होते आणि मधे वाळू.

बाबा दिवस कलताना परत आले. जीपखाली सरपटत जाऊन मला हाक मारली. मीही आडवी झाले. पोटाखालचा पत्रा आत दबला होता आणि एका बाजूला दगडाने ओरखडून पांढरी रेघ पडली होती. निम्म्या पात्रातून त्यांना मागे फिरावं लागलं होतं.

"पोट टेकून राहिलं," बाबा म्हणाले. "तीन बोटं वर असती तर गेली असती."

आम्ही बापलेक बराच वेळ तसेच आडवे पडून होतो. वर जीपचं काळं पोट, मातीने माखलेले नट, आणि चाकांशी ते कमानपाटे. एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची ती कमान. सगळ्या गाडीचं ओझं त्यांच्यावर. नव्या गाडीचे पाटे धनुष्यासारखे वाकलेले असतात. आमचे इतकी वर्षं साहेब, सामान आणि मोजणीच्या साखळ्या वाहून सपाट झाले होते. थकलेल्या माणसाचे खांदे असतात ना, तसे.

आज राहुलच्या खोक्यात आलेल्या छापील कागदावर सगळं आकड्यांत लिहिलेलं आहे. कुठला बोल्ट किती आवळायचा तेही. आम्हाला कुणी सांगणारं नव्हतं. बाबांचं म्हणणं सरळ होतं. दर चाकाला एकेक पाटा वाढवायचा. ट्रकवाले तसंच करतात. जीप आपोआप उचलली जाईल.

मला ते पटेना. पाटा वाढवला की जीप उंच होईल हे खरं, पण ताठही होईल. ट्रकमध्ये ओझं असतं म्हणून ते चालतं. आपल्या जीपमध्ये आपण तिघं. ती दर खड्ड्याला उडणार, आणि तो दणका जाणार कुठे? मी बाजेकडे बोट केलं नाही, पण बाबांची नजर तिकडे गेली. दारात माय डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती, ऐकत होती.

बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. "मग कसं करावं म्हणतीस?" त्यांनी विचारलं.

डिप्लोम्याचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. तरी मला वाटतं, मी इंजिनिअर झाले ती त्या प्रश्नाला.

मी सांगितलं ते असं. पाटे तेवढेच ठेवायचे, फक्त लोहाराकडून त्यांना पुन्हा कमान आणून घ्यायची. आणि पाट्याचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला ज्या लोखंडी कड्यांनी टांगलेलं असतं, त्या कड्या जाड पट्टीच्या, थोड्या लांब करून बसवायच्या. म्हणजे उंची मिळेल आणि मऊपणाही राहील. थोडकीच उंची, पण आपल्याला जास्त हवी कशाला? बाबांनी माझं बोलणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले की पुढे-मागे सारखीच उचलायची, नाही तर नाक खाली घालून चालेल. एवढीच दुरुस्ती त्यांनी सुचवली आणि ती बरोबर होती.

दुसऱ्या दिवसापासून अंगणाचं गॅरेज झालं. रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर बाबांनी कुठून तरी मिळवून आणले. जॅकने एक बाजू उचलायची, स्लीपर रचायचे, आणि स्लीपरवर गाडी नीट टेकली की मगच खाली जायचं. याबाबतीत बाबा फार कडक. मी एकदा जॅकच्या भरवशावर हात आत घातला तर त्यांनी माझं मनगट धरून बाहेर ओढलं आणि त्या दिवशी पुन्हा जॅकजवळ फिरकू दिलं नाही.

नट गंजून एकजीव झाले होते. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या आम्ही त्यांना बांधून ठेवल्या, दुखऱ्या बोटाला बांधाव्यात तशा. सकाळी पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून मी त्यावर लोंबकळायची आणि बाबा दुसऱ्या बाजूने हातोड्याने ठोकायचे. एक नट काही केल्या हलेना. मी पाइपवर सगळा भार टाकला आणि तो एकदम किंचाळून सुटला. मी मातीत उताणी. पाइप एकीकडे, चप्पल दुसरीकडे.

आणि दारातून हसू ऐकू आलं. माय हसत होती. कंबरेला हात लावून, दुखत असतानाही हसत होती. बाबा जीपखालून अर्धे बाहेर आले आणि तिच्याकडे बघत तसेच राहिले. विहिरीनंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं.

तेव्हापासून माय कामात आली. म्हणजे बाज तिने आणखी पुढे, लिंबाच्या सावलीला आणायला लावली. सुटलेले नट, वायसर, खिळे तिच्या मांडीवरच्या ताटात. ती रॉकेलमध्ये बुडवून एकेक पुसायची आणि कुठल्या चाकाचं काय ते वेगवेगळ्या वाट्यांत ठेवायची. दुपारी ऊन अंगणात भाजायला लागलं की आम्ही तिघं अंबील पीत सावलीला बसायचो. एरवी त्या वेळी बाबा बाहेर असायचे आणि माय चुलीपाशी. दोघं असे आमनेसामने बसलेले मी फार बघितले नव्हते. बोलायचे ते नटांबद्दलच. पण बोलायचे.

पाटे घेऊन आम्ही गफूरचाचांच्या भट्टीवर गेलो. चाचा गावातले जुने लोहार. त्यांनी पाटे सुटे करून जमिनीवर मांडले आणि विचारलं, "कित्ता उठाना?"

मी तीन बोटं दाखवली. त्यांनी माझी बोटं बघितली, मग स्वतःची, हातोड्याने जाड झालेली, माझ्या बोटांशेजारी धरली. "तुमारे तीन, के मेरे तीन?"

शेवटी बाबांची तीन बोटं ठरली. पाटा भट्टीत लाल व्हायचा, ऐरणीवर यायचा, आणि चाचा त्याला अशा हलक्या हाताने ठोकायचे की झोपलेल्या मुलाला थोपटताहेत असं वाटावं. मग तो तेलात जायचा आणि धुराचा लोट उठायचा. सपाट झालेलं लोखंड पुन्हा वाकू शकतं, हे मी पुस्तकात शिकले होते. बघितलं तेव्हा मात्र मला मायचा मणका आठवला. 

कड्या वेल्डिंगवाल्याने पट्टी कापून करून दिल्या. दणके शोषणारे, जास्त लांबीचे शॉकअप नांदेडच्या भंगार बाजारात मिळाले. सगळं घेऊन अंगणात परत जोडणी सुरू झाली तेव्हा पुढच्या चाकाशी बाबांनी ब्रेकची रबरी नळी बोटाने चाचपली आणि मान हलवली. गाडी उंच झाल्यामुळे नळी ताणली गेली होती. चाक आणखी खाली लोंबलं असतं तर तुटली असती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही नळीची पकड काढून खाली घेतली, तेव्हा कुठे तिला ढील मिळाली. पाट्यांमध्ये ग्रीस भरलं ते मी हातांनीच. तो वास पुढे कितीतरी दिवस माझ्या भाकरीला येत होता.

स्लीपर काढले आणि जीप आपल्या पायांवर उभी राहिली. सगळं ओझं चाकांवर आल्यावर आम्ही शेवटचे बोल्ट आवळले. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, चाकाच्या वर हात घालून तीन बोटं मोजली, बरोबर आली. मग लांब जाऊन उभे राहिले.

"जवान दिसून राहिली," ते म्हणाले. हे ते मायला उद्देशून म्हणाले, आणि माय उगाच ताटातले उरलेले नट निवडत बसली.

मग चाचणी. माय जिथं बसणार होती त्या जागेवर बाबांनी घडी घातलेली गादी ठेवली आणि तिच्यावर मला बसवलं. भोकरच्या आसपास जेवढे म्हणून खड्डे होते तेवढ्यांवरून त्यांनी मला नेलं. रेल्वे फाटकावरून दोनदा. प्रत्येक वेळी विचारायचे, कंबरेला लागलं का? मी नाही म्हणायची. तुझी कंबर जवान हाय, नीट सांग, असं म्हणून ते पुन्हा वळवायचे.

वैशाख पौर्णिमेला निघायचं ठरलं. पहाटे मायने पांढरी साडी नेसली. घरात मेणबत्ती लावून आम्ही वंदना म्हटली. मी धपाटे बांधून घेतले, पाण्याची कळशी तोंडाला फडकं बांधून मागे ठेवली. अर्धी गल्ली बाहेर आली होती. माय इतक्या महिन्यांनी बाहेर पडत होती, ते बघायला. ती माझ्या खांद्याला धरून सावकाश चालत जीपशी आली. आणि थांबली.

तिने पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय जमिनीपासून वीतभर वर आला आणि तिच्या कंबरेतून कळ निघाली. पुन्हा एकदा केला. मग तिने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि जीपच्या त्या उंच झालेल्या, पाय ठेवून चढायच्या पायटीकडे बघितलं.

आम्ही दोघांनी पाट्यांचा विचार केला होता, दगडांचा केला होता, दणक्यांचा केला होता. मायला आत चढायचंय याचा विचार कुणीही केला नव्हता. आधीच जीप उंच होती, आम्ही आणखी तीन बोटं वर नेली होती.

कुणी तरी स्टूल आणलं. पण स्टुलावर चढायलाही पाय उचलावाच लागतो. शेजारची काकू म्हणाली, चौघीजणी मिळून उचलू. माय मान हलवून नको म्हणाली. तिला माणसांनी सामानासारखं उचललेलं नको होतं. दवाखान्यात ते फार झालं होतं. ती वळायला लागली. घराकडे. मला कळलं की आता ही आत गेली तर पुन्हा बाहेर यायची नाही.

इथं बाबांबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे त्या काळी नवरा-बायको रस्त्याने बरोबर चालत नसत. बाबा नेहमी चार पावलं पुढे, माय मागे. बाजारात, विहारात, लग्नात, सगळीकडे तसंच. गल्लीसमोर त्यांनी तिला नावाने हाक मारलेलीही मी कधी ऐकली नव्हती.

त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून माझ्या हातात दिलं. मायजवळ गेले, एक हात तिच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि तिला उचललं. घाईने नाही. कंबरेला हिसका बसणार नाही अशा बेताने, अगदी सावकाश. 

"लोक बघून राहिले," माय पुटपुटली आणि तिने पदर तोंडावर ओढला.

"बघू दे," बाबा म्हणाले.

त्यांनी तिला गादीवर ठेवलं, साडीचा काठ आत घेतला, आणि मुंडासं बांधून, कुणाकडेही न बघता जीप सुरू केली. त्यांचे कान लाल झाले होते.

तो प्रवास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. तामशापाशी पळसाच्या शेंगा. भेगाळलेलं काळं रान, ज्यात पऱ्हाट्याही उभ्या नव्हत्या. रस्त्याकडेला हातपंपाशी रांगेत मांडलेल्या घागरी, माणसं मात्र सावलीला. माय सगळं बघत होती. नवी नवरी बघते तसं. ओढा आला तेव्हा बाबांनी गिअर बदलला आणि आम्ही गोट्यांत उतरलो. मी श्वास धरून खालून येणाऱ्या आवाजाची वाट बघत होते. जीप डुलली, एका अंगाला झुकली, पुन्हा सरळ झाली. ज्या दगडाने आधी पोट खरवडलं होतं तो खालून निघून गेला आणि काहीच ऐकू आलं नाही. बाबांनी आरशातून मागे बघून विचारलं, लागलं का? माय म्हणाली, पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय.

मथुरामावशी दारातल्या बाजेवर होती. तिच्यात काही उरलं नव्हतं, डोळे तेवढे होते. जीप थेट तिच्या बाजेपर्यंत गेली. बाबा उतरले आणि या वेळी कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी मायला उचलून खाली घेतलं, आणि मावशीच्या बाजेवर, तिच्या शेजारी ठेवलं.

मावशी आधी हसली. "दाजी, लग्नात तर हिच्याकडं बघितलंबी न्हाई तुमी," ती म्हणाली. मग तिने अक्काचा हात धरला. दोघी संध्याकाळपर्यंत तशाच पडून होत्या, एका बाजेवर, एका पांढऱ्या पदराखाली, लहानपणी झोपत असतील तशा. काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी आणि बाबा ओढ्याकाठी जाऊन बसलो होतो. एवढंच ऐकलं की मावशीने मायच्या हातून धपाट्याचा तुकडा अंबिलात भिजवून खाल्ला. घरच्यांना त्याचं फार नवल वाटलं.

पाऊस सुरू झाला आणि ओढ्याने वाट बंद केली, त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी गेली. मायला कळलं ते कार्य उरकल्यावर. ती रडली, पण तळमळली नाही. भेट झाली होती.

त्या फेरीनंतरचं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मायने बाबांना विचारलं, आज कुठं जायचं? मग ते कुठेही निघायचे. विष्णुपुरीला धरणाचं काम चाललं होतं, ते बघायला गेले. बाजाराला, विहाराला, नुसतंच माळावर. मला लातूरला सोडायला दोघंही आले. नव्या जिल्ह्याची कचेरी एका भाड्याच्या इमारतीत होती. पाटीचा रंग ओला, फायली अजून पोत्यांत. माय जीपमध्ये बसूनच सगळं बघत होती. मला म्हणाली, तुझ्यासारखंच हाय गं हे गाव, आत्ताच पास झाल्यासारखं. बाबांनी तिला उतरवून माझ्या भाड्याच्या खोलीत आणलं आणि खिडकी उघडते का ते तपासलं.

लातुरात माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. बाबांचं वय होत आलं होतं. रोज असं उचलणं त्यांच्या पाठीला किती दिवस झेपणार? आमच्या दुरुस्तीच्या गाडीवरच्या वेल्डरला सांगून मी एक लोखंडी पायरी करून घेतली. जीपच्या पायटीखाली बोल्टाने बसणारी, घडी होणारी, वर रबर लावलेली. माझं नोकरीतलं पहिलं स्वतःचं डिझाइन. दिवाळीच्या सुट्टीत ती पोत्यात गुंडाळून, न कळवताच मी भोकरला गेले.

त्या साली परतीचा पाऊस बरा झाला होता. अंगणात हिरवळ उगवली होती, जीप लिंबाखाली धुतलेली. मी फाटक लोटलं आणि समोर माय दिसली. शेजाऱ्यांच्या माळवदावर वाळत घातलेल्या मुगाच्या शेंगा भरून ती शिडीवरून खाली उतरत होती. कंबरेवर सूप, एका हाताने शिडी धरलेली, आणि पाय एकेका पावटीवर असे पडत होते की जणू विहीर कधी नव्हतीच.

मला बघून ती मधल्या पावटीवरच थांबली. चोरी पकडल्यासारखी. मग हळूहळू उतरली, सूप ठेवलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी विचारलं, बाबांना माहीत आहे का, की तुला चढता येतं?

"म्हाईत नसंल व्हय?" माय म्हणाली, आणि शेंगा निवडायला बसली.

दुपारी बाबा आले, मला बघून खूश झाले, म्हणाले चला तिघंजण नदीवर जाऊन येऊ. मायने पदर सारखा केला, जीपशी गेली आणि पायटीपाशी उभी राहिली, एक हात दारावर टेकवून, दुसरीकडेच बघत. मी पोतं पायाने बाजेखाली सारलं. बाबांनी किल्ली खिशात टाकली, दोन्ही हात मोकळे केले आणि ते तिच्याकडे निघाले.